खुलं संशोधन ऑनलाइन चालवायचं तर पहिल्या दिवशी काय ठरवावं

प्रश्न थोडक्यात असा: वेगवेगळ्या देशांतल्या चार-पाच संशोधनगटांना एकाच प्रश्नावर ऑनलाइन, सगळ्यांसमोर काम करायचं आहे. बाहेरच्या कुणालाही त्यात हात लावता यावा अशी इच्छा आहे. कामाची मांडणी कशी करावी, साधनं कोणती घ्यावीत, डेटा कसा ठेवावा, श्रेय कसं वाटावं, आणि असे बरेच उपक्रम मध्येच का थंडावतात?

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करू, कारण बाकीची उत्तरं त्यातूनच निघतात. उपक्रम थंडावतात त्याचं सर्वात मोठं कारण हे, की बाहेरून आलेल्या माणसाला आज नेमकं काय करायचं ते कळत नाही. तो येतो, शंभर संदेश वाचतो, चर्चा कुठे पोचली याचा अंदाज लागत नाही, आणि तो निमूट निघून जातो. त्याच्या जाण्याची नोंदही कुठे होत नाही, त्यामुळे चालवणाऱ्यांना वाटतं की लोकांना रसच नाही. फाइली सगळ्यांना दिसल्या म्हणजे काम खुलं झालं, हा समज आधी काढून टाका. नवखा माणूस पंधरा मिनिटांत आपल्या आवाक्यातलं एक काम उचलू शकला, तर ते काम खुलं.

आपलं काम कोणत्या घडणीचं आहे

साधनं निवडण्याआधी हे ओळखावं लागतं. ढोबळमानाने तीन घडणी दिसतात आणि प्रत्येकीच्या अडचणी वेगळ्या आहेत.

पहिली घडण म्हणजे एकसारख्या, सुट्या कामांचा मोठा ढीग. जुलै २००७ मध्ये सुरू झालेला गॅलक्सी झू हे याचं ठळक उदाहरण. स्लोन डिजिटल स्काय सर्व्हे या आकाश-पाहणीतल्या सुमारे ९ लाख दीर्घिकांची चित्रं लोकांपुढे ठेवली: ही सर्पिल आहे की लंबगोल, सर्पिल असल्यास फिरकी कोणत्या दिशेची? पहिल्या वर्षात दीड लाखाहून अधिक लोकांनी ५ कोटींहून अधिक वर्गीकरणं केली. इथे एकट्यादुकट्याच्या उत्तरावर भिस्त नसते. एकच चित्र अनेकांना दाखवून त्यांच्यात किती एकमत होतं ते मोजतात. पण एकमत म्हणजे अचूकता नव्हे, आणि याचा धडाही याच उपक्रमात मिळाला. घड्याळाच्या उलट्या दिशेने फिरणाऱ्या दीर्घिका जास्त असल्याचं दिसू लागलं. मग काही चित्रं आरशातल्यासारखी उलटी करून दाखवली, तरीही घड्याळाच्या उलट्या दिशेचीच संख्या जास्त आली. म्हणजे झुकाव आकाशात नव्हता, पाहणाऱ्यांच्या नजरेत होता. या घडणीचं काम करणार असाल तर पहिल्या दिवसापासून ढिगात उलटी केलेली आणि उत्तर आधीच ठाऊक असलेली चित्रं मिसळून ठेवा. शंभरात पाच पुरेत. नंतर मिसळली तर आधीची सगळी वर्गीकरणं कोणत्या मापाने तपासायची, हा प्रश्न उरतोच.

दुसरी घडण म्हणजे विचारांची साखळी. जानेवारी २००९ मध्ये गणितज्ञ टिमथी गॉवर्स यांनी, पुष्कळ गणिती मिळून एकच प्रमेय उघड्यावर सिद्ध करू शकतील का, असा प्रश्न टाकला आणि त्यातून पॉलिमॅथ उभा राहिला. घनता हेल्स-ज्युएट प्रमेयाचा नवा, प्राथमिक साधनांनी केलेला पुरावा हे लक्ष्य होतं. ३७ दिवसांत २७ जणांनी सुमारे ८०० मुद्देसूद टिपणं लिहिली आणि पुरावा हाती आला. नियम साधे होते. अर्धवट विचारही मांडावा, टिपण छोटं असावं, प्रत्येक टिपणाला क्रमांक असावा, आणि एकट्याने आठवडाभर गायब होऊन मोठं काहीतरी घेऊन येऊ नये. यातला शेवटचा नियम लोकांना सर्वात जड जातो, कारण आपलं प्रशिक्षण नेमकं त्याच्या उलट झालेलं असतं: पक्कं झाल्याशिवाय दाखवू नये. पण तो मोडला की काय होतं पाहा. एकजण पाच पायऱ्या पुढे जाऊन तीस पानं टाकतो, ती तपासायला कुणाकडे वेळ नसतो, आणि सगळ्यांचं काम तिथेच तुंबतं.

तिसरी घडण प्रयोगशाळेतली, जिथे रसायनं, पेशी, नमुने, उपकरणं लागतात. रसायनशास्त्रज्ञ मॅथ्यू टॉड यांनी उभा केलेला, मलेरियावरची औषधं शोधणारा ओपन सोर्स मलेरिया हा उपक्रम असा. त्यात प्रयोगाच्या वह्या रोजच्या रोज उघड्या असतात आणि पेटंट घ्यायचं नाही हे आधीच ठरलेलं असतं. त्याआधीच्या त्यांच्या प्राझिक्वांटेल प्रकल्पाचं उदाहरण जास्त शिकवणारं आहे. प्राझिक्वांटेल हे परजीवी कृमींवरचं औषध. त्यात एकमेकांच्या आरशातल्या प्रतिमेसारखे दोन रेणू असतात. एक गुणकारी, दुसरा निरुपयोगी आणि कडू. गुणकारी रेणू तेवढा स्वस्तात हवा होता. सुरुवातीला सगळा विचार तो एकच रेणू थेट बनवण्याच्या दिशेने चालला होता. उद्योगातल्या रसायनशास्त्रज्ञांनी वाचून सुचवलं की आधी दोन्ही बनवा आणि मग वेगळे करा, कारखान्यात ते स्वस्त पडतं. वाट त्यातूनच सापडली. प्रश्न कसा मांडला आहे हे बाहेरच्यांना दिसलं नसतं तर ही सूचना आलीच नसती. म्हणून उत्तरांइतकाच प्रश्न आणि त्यामागची गृहीतकंही लिहून उघडी ठेवावीत.

कामाचे तुकडे पाडणं

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. सॉफ्टवेअर कोणतं घ्यायचं यावर लोक महिनाभर चर्चा करतात आणि कामाचे तुकडे अर्ध्या तासात उरकतात. व्हायला हवं ते याच्या उलट.

तुकडे पाडण्याचा उत्तम नमुना म्हणजे २०१३ चा पॉलिमॅथ ८, म्हणजे त्याच मालिकेतला आठवा प्रकल्प. यितांग झांग यांनी दाखवलं होतं की मूळ संख्यांच्या अशा अनंत जोड्या आहेत ज्यांच्यातलं अंतर ७ कोटींपेक्षा कमी आहे. गणितज्ञ टेरेन्स टाओ यांच्या पुढाकाराने हा आकडा खाली आणण्याचं काम खुलं झालं. पुराव्याचे तीन भाग सुटे करता आले: मूळ संख्यांच्या वितरणाचा अंदाज सुधारणं, त्यातून चाळणीच्या पद्धतीने लागणारी एक संख्या कमी करणं, आणि त्या संख्येसाठी अंकांचा सर्वात अरुंद संच संगणकाने शोधणं. तिन्हींना लागणारं कौशल्य वेगळं. एका भागात सुधारणा झाली की ती पुढच्या भागात आपोआप उतरायची. एका पानावर तक्ता होता, त्यात तारीख, नवा आकडा आणि तो कशामुळे आला हे लिहिलेलं असे. आकडा ४,६८० पर्यंत आला. मग जेम्स मेनार्ड यांच्या वेगळ्या पद्धतीने तो ६०० झाला, आणि ती पद्धत सामावून घेत पुढच्या टप्प्यात २४६. एकच मोजता येणारा आकडा आणि सुटे भाग या दोन गोष्टी हाती असतील तर लोकांना बोलवावं लागत नाही.

तुमच्याकडे असा आकडा नसेल तर तो शोधून काढा. किती नमुने तपासून झाले, किती जनुकांची नोंद पडताळली, भाकितातली चूक किती उरली, असं काहीही चालेल. मात्र किती जण सामील झाले हा आकडा धरू नका. तो वाढतच जातो आणि काम मात्र तिथल्या तिथे राहतं.

प्रत्येक तुकड्याच्या टिपणात पाच गोष्टी हव्यात: काय करायचं, कोणती फाइल घेऊन करायचं, शेवटी काय हाती यायला हवं, ते बरोबर आहे हे कसं तपासायचं, आणि साधारण किती तास लागतील. यातली चौथी गोष्ट हमखास राहते. तपासायची रीत लिहिलेली नसेल तर केलेलं काम तपासणाऱ्याच्या मर्जीवर अडकतं. तुकडा दोन ते आठ तासांचा असावा. त्याहून मोठा असेल तर तो मोडा. कोणत्याही क्षणी दहा-पंधरा तुकडे मोकळे असावेत, आणि त्यातले निदान चार पूर्वतयारीशिवाय करता येण्याजोगे. काम उचलणाऱ्याने तिथेच आपलं नाव टाकावं आणि ती हक्कनोंद चौदा दिवसांनी आपोआप सुटावी. ही मुदत नसेल तर उत्साहाच्या भरात उचललेली कामं वर्षभर कुणाच्या तरी नावावर पडून राहतात, आणि संकोचापोटी त्यांना दुसरं कुणी हात लावत नाही.

गणिताच्या औपचारिक पुराव्यांमध्ये ही पद्धत सर्वात नीट बसली आहे. नोव्हेंबर २०२३ मध्ये बहुपदी फ्रायमन-रुझा या गणिती अनुमानाचा पुरावा लीन या, संगणकाला पुरावा तपासता येईल अशा भाषेत उतरवण्याचं काम सुमारे तीन आठवड्यांत झालं. पुराव्यातल्या प्रत्येक उपप्रमेयाचा एक ठिपका आणि कोणतं कशावर अवलंबून आहे ते दाखवणाऱ्या रेषा, असं चित्र सगळ्यांसमोर होतं. झालेला ठिपका हिरवा, हाती घेण्याजोगा निळा. संपूर्ण पुरावा न समजताही माणूस एक निळा ठिपका उचलू शकत होता. २०२४ मध्ये सुरू झालेल्या समीकरण-सिद्धांतांच्या प्रकल्पात बीजगणितातले ४,६९४ नियम घेऊन त्यांतल्या कोणत्या नियमातून कोणता निघतो हे पाहायचं होतं. म्हणजे २,२०,२८,९४२ प्रश्न. अनोळखी माणसाने दिलेलं उत्तर स्वीकारता आलं, कारण तपासणी यंत्र करत होतं. विश्वासाचा प्रश्न तपासणीवर सोपवता आला तर खुलेपणा फार स्वस्त पडतो. प्रयोगशास्त्रात हे पूर्ण जमत नाही, पण कोडच्या चाचण्या, डेटाच्या स्तंभांची आपोआप होणारी तपासणी, ठरावीक मर्यादेबाहेरच्या आकड्यांना लागणारी खूण, एवढं नक्की करता येतं. आता यंत्राने लिहिलेला, दिसायला गुळगुळीत मजकूर भरभरून येऊ लागल्यावर तर तपासणीशिवाय काहीच आत घेऊ नये.

एक पान, सद्यस्थितीचं

चर्चा कुठेही होवो, सद्यस्थितीचं पान एकच असावं. त्यात तीन भाग: काय पक्कं झालं, कशाची तपासणी चालू आहे, आणि काय करून पाहिलं पण सोडलं व का सोडलं. तिसरा भाग लिहायला कुणालाच आवडत नाही, तरी सर्वाधिक वेळ तोच वाचवतो. तो नसेल तर दर दोन महिन्यांनी एखादा नवा माणूस तीच बंद वाट पुन्हा चालून येतो. पान दर आठवड्याला, ठरलेल्या वारी, ठरलेल्या माणसाने सुधारायचं. जबाबदारी सगळ्यांची ठेवली तर ते तिसऱ्या आठवड्यात शिळं होतं.

चॅट आणि व्हिडिओ बैठकांबद्दल कडक राहा. त्या हव्यात, माणसं त्यातूनच जोडली जातात. पण तिथे झालेला निर्णय रिपॉझिटरीत (कामाच्या सगळ्या फाइली आणि त्यांच्यातले बदल ठेवणाऱ्या सामायिक जागेत) लिहिला जाईपर्यंत तो झालाच नाही असं मानायचं, आणि लिहिल्यावर ७२ तास हरकतीसाठी मोकळे ठेवायचे. याहून कमी मुदत दिली तर पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला झोपलेल्यांचा, किंवा ज्यांचा सुट्टीचा वार वेगळा आहे त्यांचा आवाज नेहमीच राहून जातो. बैठकीची वेळ यूटीसीमध्ये (जागतिक प्रमाणवेळेत) लिहा आणि ती आलटून-पालटून बदला, म्हणजे दरवेळी मध्यरात्री जागण्याची पाळी एकाच खंडावर येणार नाही.

खाजगी ईमेल ही हळूहळू लागणारी कीड आहे. दोन अनुभवी माणसं सोयीसाठी आपसात लिहू लागतात, मग तिघं, आणि दोन महिन्यांत खरं काम आत आणि दिखावा बाहेर अशी स्थिती येते. कामाचा ईमेल आला तर प्रेमाने, प्रत्येक वेळी, एकच उत्तर द्या: हा प्रश्न उघड्या जागी टाका, तिथे उत्तर देतो. खाजगी राहावं ते फक्त वर्तनाच्या तक्रारी आणि माणसांबद्दलची माहिती. तक्रारीसाठी दोन वेगळ्या व्यक्तींचे पत्ते द्या, नाहीतर त्यातल्या एकाबद्दलचीच तक्रार असेल तर ती जायची कुठे?

डेटा

मूळ डेटा जसा आला तसा, फक्त वाचता येईल असा ठेवावा. दुरुस्त्या हाताने न करता कोडने कराव्यात आणि तो कोडही ठेवावा. प्रत्येक मूळ फाइलचा एसएचए-२५६ ठसा (फाइलच्या मजकुरावरून संगणकाने काढलेली, मजकूर बदलला की बदलणारी खूण) शेजारी लिहून ठेवला की दोन वर्षांनी फाइल तीच आहे का, हा वाद एका मिनिटात मिटतो. प्रत्येक स्तंभाचं नाव, एकक, मोजण्याची रीत आणि 'मोजलं नाही' यासाठीची खूण सांगणारी एक वेगळी फाइल हवी. ही खूण कधी रिकामा रकाना, कधी शून्य, कधी उणे ९९९ अशी वापरली की सरासरीच बिघडते, आणि ती कशाने बिघडली हे शोधताना दिवस जातात.

एकाच देशात काम करताना न दिसणाऱ्या चुका इथे उघड्या पडतात. ०३/०४ ही तारीख ३ एप्रिल की ४ मार्च? लिहायची पद्धत एकच: २०२४-०४-०३, वर्ष आधी. काही देशांत दशांशचिन्ह म्हणून स्वल्पविराम वापरतात, त्यामुळे स्वल्पविरामाने विभागलेली फाइल तिथल्या संगणकावर वेगळीच उघडते. 'मायक्रो' हे चिन्ह युनिकोडमध्ये दोन जागी आहे, एक एककचिन्ह म्हणून आणि एक ग्रीक अक्षर म्हणून. डोळ्यांना दोन्ही सारखी दिसतात, पण संगणक त्यांना वेगळी एककं मानतो. आणि स्प्रेडशीट. एक्सेल 'सेप्ट २' आणि 'मार्च १' या जनुकांच्या नावांना तारखा समजून बदलून टाकतं. २०१६ च्या एका पाहणीत, एक्सेलमधल्या जनुकयाद्या जोडलेल्या शोधनिबंधांपैकी साधारण एक-पंचमांशांमध्ये ही चूक सापडली. शेवटी २०२० मध्ये मानवी जनुकांची नावं ठरवणाऱ्या समितीने नावंच बदलली, 'सेप्टिन २' आणि 'मार्चएफ १' अशी. म्हणून साध्या मजकुराच्या फाइली, अक्षरांसाठी यूटीएफ-८ हा संकेत, आणि स्प्रेडशीट फक्त पाहण्यापुरती.

कोड आणि मजकूर गिटवर (फाइलींचा प्रत्येक बदल जपणाऱ्या प्रणालीत) ठेवा, मोठा डेटा नको. गिटच्या रिपॉझिटरी ठेवणारं गिटहब हे संकेतस्थळ १०० एमबीपेक्षा मोठी फाइल नाकारतं, आणि त्याहून लहान पण वरचेवर बदलणाऱ्या फाइलींनीही इतिहास इतका फुगतो की मंद इंटरनेट असलेला माणूस तो उतरवूनच घेऊ शकत नाही. डेटासाठी झेनोडोसारखं कायमचं भांडार घ्या. तिथे साधारणपणे एका नोंदीला ५० जीबीपर्यंत जागा मिळते, प्रत्येक आवृत्तीला वेगळा डीओआय (कायमचा ओळखक्रमांक) मिळतो आणि सगळ्या आवृत्त्यांचा मिळून एक. निष्कर्षासोबत नेमक्या आवृत्तीचा डीओआय लिहा, एकत्रित नको. नाहीतर वाचणाऱ्याला आज दिसणारा डेटा आणि तुम्ही वापरलेला डेटा वेगळा निघेल.

प्रयोगशाळा अनेक असतील तर खरं काम सुरू करण्याआधी एकच संदर्भ नमुना सगळीकडे पाठवा. प्रत्येकाने लेखी कार्यपद्धतीने, काय अपेक्षित आहे हे माहीत नसताना, निदान तीनदा मोजावा. निकाल जुळले नाहीत तर नव्या नमुन्यांना हात लावू नका. फरक बहुधा कार्यपद्धतीत न लिहिलेल्या गोष्टींतून येतो: द्रावण किती वेळ ढवळलं, नमुना बर्फावर ठेवला की बाहेर, कोणत्या लॉटचं रसायन वापरलं. लॉट क्रमांकासाठी स्तंभ पहिल्यापासून ठेवा. मागाहून तो भरता येत नाही, कारण बाटल्या तोवर फेकलेल्या असतात.

सगळंच उघडं करता येत नाही. रुग्णांच्या डेटातून नाव काढलं म्हणजे ओळख पुसली असं होत नाही. जन्मतारीख, टपाल विभाग आणि लिंग एवढ्यावरूनही माणूस सापडू शकतो. डेटा खुला करणार असल्याचा उल्लेख संमतीपत्रात नमुना घेण्याआधीच असावा लागतो. दुर्मिळ प्राणी-वनस्पतींची नेमकी ठिकाणं पुसट करूनच द्यावीत, नाहीतर चोरांना नकाशाच मिळतो. आणि लक्षात ठेवा, गिटमध्ये एकदा गेलेली फाइल नंतर खोडली तरी इतिहासात राहते. पासवर्ड चुकून गेला असेल तर फाइल पुसत बसू नका, पहिल्या मिनिटाला पासवर्ड बदला.

परवाना

परवाना न लिहिणं ही सर्वात जास्त होणारी आणि सर्वात कमी लक्षात येणारी चूक. काहीच लिहिलं नाही तर कायद्याने सगळे हक्क राखीव धरले जातात, म्हणजे तुमचा 'खुला' डेटा कुणालाच निर्धास्तपणे वापरता येत नाही. कोडसाठी एमआयटी किंवा अपाचे २.० (अपाचेमध्ये पेटंटची परवानगीही लिहिलेली आहे), मजकुरासाठी सीसी बाय ४.० (श्रेय देऊन कसाही वापरा), आणि डेटासाठी सीसी झीरो (कोणतीही अट नाही). डेटालाही श्रेयाची कायदेशीर अट का घालू नये, असं पुष्कळ जण विचारतात. शंभर संचांतून थोडं थोडं घेऊन नवा संच बनवणाऱ्याला शंभर अटी पाळाव्या लागतात, म्हणून. श्रेयाची अपेक्षा जरूर लिहा, पण शास्त्रातली रीत म्हणून. 'व्यावसायिक वापर नको' ही अट घालताना दहादा विचार करा. ती घातली तर प्राझिक्वांटेलला मदत करणाऱ्यांसारखी उद्योगातली माणसं आधी आपल्या वकिलांकडे जातील, आणि बहुधा परत येणार नाहीत.

२०११ मध्ये जर्मनीत ई. कोलाय ओ१०४:एच४ ची जीवघेणी साथ आली, तेव्हा त्या जिवाणूचा जनुकक्रम सीसी झीरोखाली खुला केला गेला. एका दिवसात तुकडे जोडून जीनोम उभा राहिला, आणि आठवड्याभरात वेगवेगळ्या खंडांतल्या लोकांची विश्लेषणं एकाच रिपॉझिटरीत जमली. परवानगीसाठी पत्रव्यवहार करावा लागला असता तर तो आठवडा त्यातच गेला असता.

पेटंटचा निर्णय मात्र आधी घ्या. उघड प्रसिद्ध झालेली कल्पना बहुतेक देशांत 'नवी' राहत नाही. अमेरिकेत संशोधकाला एका वर्षाची सवलत आहे, युरोपात तशी नाही. सहभागी संस्थांपैकी एखादीला पुढे पेटंट हवं असेल, तर सहा महिन्यांनी तिचा विधी विभाग काम थांबवतो आणि तोवर उघडं झालेलं परत झाकता येत नाही. प्रत्येक संस्थेकडून एका पानाची लेखी संमती पहिल्याच आठवड्यात घ्या.

श्रेय

घनता हेल्स-ज्युएटचा निबंध डी. एच. जे. पॉलिमॅथ या सामूहिक नावाने प्रसिद्ध झाला. कल्पना सुंदर आहे, पण नोकरी पक्की असलेल्यांना ती परवडते. नोकरी शोधणाऱ्या विद्यार्थ्याला 'यात मीही होतो' हे दाखवायला काहीच हाती राहत नाही, आणि मग तरुण मंडळी खुल्या कामापासून दूर राहतात. ज्यांच्याकडे सर्वात जास्त वेळ आणि जोम आहे तीच माणसं अशी गमावणं मला अन्यायाचंही वाटतं आणि तोट्याचंही. दुसऱ्या टोकाला २०१५ चा हिग्ज कणाच्या वस्तुमानावरचा ॲटलस आणि सीएमएस या दोन मोठ्या कणभौतिकी प्रयोगगटांचा निबंध: ५,१५४ लेखक, आणि ३३ पानांतली २४ पानं नावांची व संस्थांची. त्यातून कुणी काय केलं हे कळत नाही.

मधला मार्ग चांगला चालतो. क्रेडिट नावाच्या वर्गीकरणात योगदानाच्या १४ भूमिका आहेत: संकल्पना, डेटाची निगा, सॉफ्टवेअर, पडताळणी, पहिला मसुदा वगैरे. ओळींत माणसं, स्तंभांत भूमिका असा तक्ता करा. प्रत्येकाने आपली नोंद स्वतः करावी, दुसऱ्या एकाने तिला दुजोरा द्यावा, सोबत ऑर्किड (संशोधकाच्या कायमच्या ओळखीचा) क्रमांक असावा. तक्ता दर महिन्याला भरायचा. निबंध लिहायला घेतल्यावर दोन वर्षांपूर्वीचं आठवून भरला तर जे आजही बोलके आहेत त्यांचीच नावं राहतात. लेखक कोण आणि आभारात कोण, याचा उंबरठा सुरुवातीलाच लिहा. वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादक-समितीच्या चार अटी चांगला आधार आहेत: भरीव योगदान, लेखनात किंवा चिकित्सेत सहभाग, अंतिम मसुद्याला मान्यता, आणि कामाची जबाबदारी घेण्याची तयारी. मान्यतेसाठी चौदा दिवस द्या. उत्तर न देणाऱ्याचं नाव लेखकांतून आभारात जाईल हेही आधी सांगून ठेवा, कारण पत्ता बदललेली चार माणसं सगळा निबंध अडवू शकतात.

'आमची कल्पना कुणी पळवली तर?' ही भीती खरी आहे, तिला हसण्यावारी नेऊ नये. तारखेसह उघड असलेली नोंद हे बऱ्यापैकी संरक्षण आहे, प्रीप्रिंट (परीक्षणाआधीच खुला केलेला निबंध) त्याहून चांगलं. शिवाय कोणतं विश्लेषण आपण करतो आहोत आणि ते कधीपर्यंत पूर्ण होईल हे लिहून ठेवा. १९९६ च्या बर्म्युडा तत्त्वांनुसार मानवी जीनोम प्रकल्पातले जोडलेले क्रम २४ तासांत खुले केले जात. २००३ च्या फोर्ट लॉडरडेलच्या सहमतीत त्याची दुसरी बाजू मांडली गेली, की डेटा निर्माण करणाऱ्यांना पहिलं समग्र विश्लेषण प्रसिद्ध करण्याची संधी वापरणाऱ्यांनी द्यावी. मुदत मात्र लिहा. बेमुदत राखून ठेवलेला हक्क म्हणजे बंद डेटाच.

माणसं आणि शेवट

खुलं म्हणजे बिनमालकाचं नव्हे. देखरेख करणारी किमान तीन माणसं, शक्यतो तीन वेगळ्या कालविभागांतली, लागतात. वीसेक सक्रिय सहभागी असतील तर एका माणसाचा निम्मा वेळ केवळ कामं तोडणं, आलेलं तपासणं आणि उत्तरं देणं यात जाईल असं धरून चाला, आणि निधीच्या अर्जात तो वेळ मागा. नव्या माणसाच्या पहिल्या योगदानाला ४८ तासांत माणसाने लिहिलेलं उत्तर मिळालं पाहिजे. चूक असेल तर काय चुकलं ते सांगून, आभार मानून. सगळ्या नियमांतला एकच पाळता येणार असेल तर हा पाळा.

जाहीर करण्याआधी एक तुकडा सुरुवातीपासून शेवटपर्यंत तुम्ही स्वतः पूर्ण करून दाखवा: टिपण, डेटा, कोड, तपासणी, श्रेयाच्या तक्त्यातली नोंद. लोक सूचना कमी वाचतात, समोरच्या नमुन्याचं अनुकरण जास्त करतात. मग विषयाबाहेरच्या एका ओळखीच्या माणसाला दुवा द्या आणि तो कुठे अडतो ते न बोलता पाहा. जिथे अडला तिथे दुरुस्ती करा, आणि त्यानंतरच दारं उघडा.

थांबायचं कसं हेही लिहून ठेवा. दर ९० दिवसांनी आढावा घ्या, आणि लागोपाठ दोन आढाव्यांत आकडा हलला नसेल तर काम गोठवा. त्यात लाजण्यासारखं काही नाही. २०१० मध्ये पॉलिमॅथ ५ ने गणितज्ञ एर्डश यांचा विसंगतीचा प्रश्न हाती घेतला, काही महिन्यांनी तो अडला आणि थांबला. पण मूळ प्रश्न दुसऱ्या, सोप्या हाताळणीच्या रूपात कसा आणता येतो हे नीट लिहिलेलं राहिलं होतं. २०१५ मध्ये टाओ यांनी तो प्रश्न सोडवला तेव्हा त्यांच्या पुराव्याची सुरुवात त्याच रूपांतरापासून झाली. म्हणून गोठवताना सद्यस्थितीचं पान शेवटचं सुधारा, सुटलेले प्रश्न आणि सोडलेल्या वाटा तिथेच लिहा, सगळ्याची एक आवृत्ती डीओआयसह भांडारात ठेवा, रिपॉझिटरी 'फक्त वाचनासाठी' करा, आणि पुढे कुणाला ते उचलायचं असेल तर विचारायला पाच वर्षं टिकेल असा एक पत्ता द्या, एखाद्या विद्यार्थ्याचा विद्यापीठातला ईमेल नको.